सहाशे एकेचाळीस ग्रॅमचा तंबू

माणूस आणि आकाश यांच्यामध्ये शेवटी फक्त एक शिवण असते.

हे वाक्य दशांशरावांचं आहे. ते त्यांना सुचलं तेव्हा ते बाल्कनीत स्टुलावर बसून दात घासायच्या ब्रशचा दांडा करवतीने कापत होते. दांडा कापला की चार ग्रॅम वाचतात. उरलेल्या ब्रशने दात घासताना बोटं हिरड्यांना लागतात, पण बोटांचं वजन वेगळं धरावं लागत नाही.

दशांशराव हे त्यांचं नाव नव्हे. ते त्यांना डोंगर चढणाऱ्या मंडळाने दिलं, आणि आता घरची मंडळीही रागात असली की तेच वापरतात. पेशाने ते वजनमापे निरीक्षक. भाजीवाल्यापासून हाडांच्या डॉक्टरांपर्यंत ज्याच्या ज्याच्याकडे काटा आहे, त्याच्याकडे वर्षातून एकदा जायचं, पितळी वजनं ठेवून पाहायची, काटा बरोबर असला तर शिशाचा शिक्का मारून चिठ्ठीवर सही करायची. चोवीस वर्षांत त्यांच्या सहीचा एकही काटा चुकीचा निघाला नव्हता. ही गोष्ट ते स्वतःहून सांगत नसत. कुणीतरी विचारेल अशा बेताने बसत, एवढंच.

मंडळाची दर वर्षी आठ दिवसांची मोहीम असे. तंबू, शिधा, सगळं पाठीवर घेऊन डोंगरांच्या माथ्यामाथ्याने चालायचं. गेल्या वर्षी दशांशराव गेले होते, पण चालले नव्हते. पायथ्याशी मंडळाच्या डॉक्टरांनी त्यांचा उजवा गुडघा हलवून पाहिला, तो वाजला, आणि डॉक्टर म्हणाले, "तुम्ही अधिक तुमची पिशवी, मिळून नव्वद किलोच्या वर काही या गुडघ्यावर टाकायचं नाही." माणूस अठ्ठ्याहत्तर पूर्णांक दोन, पिशवी तेरा पूर्णांक नऊ. बेरीज ब्याण्णव पूर्णांक एक. दशांशराव आठ दिवस जीपपाशी राहिले. जीपच्या ड्रायव्हरशी पत्ते खेळले आणि एकशे तीस डाव हरले. माथ्यावर काढलेल्या फोटोत सात माणसं हसत होती. तो फोटो मंडळाच्या कचेरीत टांगलेला होता, आणि खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं : 'आठवा सभासद जीप सांभाळत आहे.'

या वर्षी फोटोत जायचंच, असं दशांशरावांनी ठरवलं होतं. पुढच्या वर्षी ते पंचावन्न पूर्ण करणार होते, आणि पंचावन्ननंतर मंडळ सभासदाला 'सल्लागार' करतं. म्हणजे जीप कायमची.

"म्हणजे दोन किलो शंभर ग्रॅम कमी करायचेत," त्यांनी घरी सांगितलं.

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या. बाई म्हणजे त्यांची पत्नी. त्या घरी पडदे शिवत, आणि त्या भागात त्यांना 'पडदेवाल्या बाई' म्हणून जेवढे लोक ओळखत, तेवढे दशांशरावांना त्यांचे यजमान म्हणूनही ओळखत नसत. त्यांनी पडद्याची कड दुमडता दुमडता नवऱ्याच्या सदऱ्याकडे, नेमकं बोलायचं तर सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाकडे पाहिलं. "मग हे समोर आहे त्यातलेच करा की."

"अगं, शरीर ही ठरलेली गोष्ट आहे. बदलायची ती बाकीची. तंबू बघ. तीन किलो चारशे! तंबू आहे की म्हैस? आता असं कापड मिळतं की अख्खा तंबू साडेसहाशे ग्रॅममध्ये बसतो. मी स्वतः शिवणार."

मशीनवरचा पाय थांबला. "कशावर?"

"तुझ्या मशीनवर."

"आणि शिवायला येतं कुठे तुम्हाला?"

"यात शिवणकाम कमी आणि शास्त्र जास्त असतं."

बाईंनी पुन्हा मशीन सुरू केलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेली बाई काही गोष्टींवर उत्तर देत नाही. ती फक्त टीप थोडी जोरात मारते.

कापड आलं ते एका पाकिटात. नऊ मीटर कापड, आणि पाकीट हातावर ठेवलं तर दाखल्याचा अर्ज आल्यासारखं वाटावं. उलगडलं तेव्हा ते जमिनीवर पडायलाही तयार होईना. राखाडी, झुळझुळीत, हाताला थंड. घरात सासूबाई होत्या, म्हणजे बाईंच्या आई. दारापाशी त्यांची ठरलेली खुर्ची होती आणि तिच्यातून घरातलं सगळं दिसत असे. त्यांनी कापड बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, हे कापड आहे की कापडाचं भूत?"

तरी सासूबाई खूष होत्या. जावयाने घरातल्या कामाला हात लावलेला त्यांनी अठ्ठावीस वर्षांत प्रथमच पाहिला. जावई मशीनवर बसला की त्या खुर्चीतून उठत, स्वयंपाकघरात जात आणि एका बशीत बिस्किटं, एका वाटीत भाजलेले शेंगदाणे आणि कपात साय घातलेली कॉफी असा सरंजाम मशीनच्या फळीवर आणून ठेवत. "शिवणाऱ्याला भूक लागते," त्या म्हणत. मुलगी तीस वर्षं शिवत होती. तिच्या भुकेची आठवण त्यांना कधी झाली नव्हती.

मशीन बाईंना सकाळी नऊनंतर लागे. त्यामुळे दशांशरावांना सहा ते नऊ मिळे. सहा ते सात ही त्यांची टेकडीवर चालायला जायची वेळ होती. मोहिमेसाठी तंबू महत्त्वाचा की चालणं, असा प्रश्न त्यांनी स्वतःला रीतसर विचारला, आणि तंबूच्या बाजूने निकाल दिला. डोंगर आठ दिवसांचा असतो, शिवण आयुष्यभराची, हेही वाक्य त्यांचंच.

कापड शिवणं मात्र शास्त्राला जुमानत नव्हतं. सुईखाली दोन थर धरले की वरचा पुढे जाई आणि खालचा आठवण काढत मागे राही. टाचण्या लावायची सोय नाही, कारण टाचणीचं भोक बुजत नाही, आणि भोकातून पाऊस येतो. दशांशरावांनी कचेरीतून कागदाचे चिमटे आणले. छत्तीस चिमटे लावलेलं ते कापड मांडीवर घेऊन ते बसले की फायलींचा ढीग बाळंत झाल्यासारखा दिसे.

"दुमडून टीप घ्या, साधी नको," बाई स्वयंपाकघरातून म्हणत. त्यांना टिपेच्या आवाजावरून कळे. "आणि मागून ओढू नका. मशीन स्वतः ओढतं. तुम्ही ओढलंत की दोरा रुसतो."

"तुझं पडद्याचं काम वेगळं. हे तांत्रिक कापड आहे."

"बरं. मग तांत्रिक दोरा तुटलाय. ओवून देऊ?"

दोरा त्या ओवून देत. चष्मा लावूनही दशांशरावांना सत्तर नंबरच्या सुईचं भोक सापडत नसे. त्याच चष्म्यासाठी त्यांनी तंबूच्या आतल्या बाजूला एक खिसा शिवला. रात्री काढलेला चष्मा अंगाखाली येऊन मोडतो, म्हणून. खिसा हा तंबूतला एकमेव भाग होता ज्याचं बाईंनी कौतुक केलं. "कोपरे छान आलेत," त्या म्हणाल्या. दशांशरावांनी त्यानंतर दोन दिवस खिशाचे कोपरे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. दूधवाल्यालाही.

दीड महिना गेला. दशांशरावांच्या विजारीचं बटण बाईंनी एकदा बोटभर सरकवून लावलं.

"धुऊन आटली," दशांशराव म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या. "फक्त कमरेतच आटली."

मग पट्टीचा दिवस आला. शिवण म्हणजे ओळीने पाडलेली भोकं. ती बुजवायला आतून एक पारदर्शक पट्टी इस्त्रीने चिकटवायची असते. इस्त्री कोमट हवी. गरम झाली तर कापड वितळतं, गार राहिली तर पट्टी लागत नाही. दशांशरावांनी सात तासांचे व्हिडिओ पाहिले होते आणि इस्त्रीचं तापमान मोजायला कचेरीतला थर्मामीटर आणला होता. एकूण शिवण अकरा मीटर साठ. पट्टी त्यांनी पंचवीस मीटर मागवली होती, कारण जबाबदार माणूस दुप्पट धरतो.

तीन सकाळी ते पट्टी लावत होते. एक वीत पट्टी, वर सुती रुमाल, वर इस्त्री, मोजून आठ सेकंद. सासूबाई खुर्चीतून मोठ्याने आकडे मोजत आणि सातनंतर थेट दहावर जात. तिसऱ्या दिवशी शेवटची वीत झाली. दशांशरावांनी इस्त्री उभी केली, पाठ सरळ केली, आणि म्हणाले, "झालं."

पट्टीने हे ऐकलं असावं. पहिल्या दिवशी लावलेलं टोक सावकाश वर उचललं गेलं. दशांशरावांनी ते चिमटीत धरलं, आणि जराही न ओढता सबंध अकरा मीटर साठ पट्टी केळ्याच्या सालीसारखी त्यांच्या हातात आली.

सासूबाईंनी बशी उचलून जावयाच्या जवळ सरकवली.

बाईंनी हातातला पडदा खाली ठेवला. टेबलाच्या खणातून पार्सलांना लावतात ती साधी चिकटपट्टी काढली, दोन तुकडे तोडले, एक कापडाच्या आतल्या बाजूला लावला, एक बाहेरच्या. आतला तुकडा फुंकरीने उडाला. बाहेरचा असा बसला की नखाने काढावा लागला.

"अहो," त्या म्हणाल्या, "या कापडाला दोन वेगवेगळे हात दिलेत. एका बाजूला हे तेलकट. काय म्हणता तुम्ही त्याला?"

"सिलिकॉन."

"ते. त्याला जन्मात काही चिकटायचं नाही. दुसरी बाजू चिकटणारी आहे. ती आत हवी. तुम्ही तंबू उलटा शिवलात."

"उलटा नाही," दशांशराव म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला. पडद्याच्या धंद्यात कापड हातात घेतलं की माणूस आधी बाजू पाहतो. शास्त्रात मात्र तंबूची रचना आधी पाहतात, कापड नंतर. "तांत्रिकदृष्ट्या तो आतून बाहेर शिवला गेला आहे."

"पहिल्याच दिवशी मी विचारणार होते."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, तुझं पडद्याचं काम वेगळं."

उपाय एकच होता : मोजा उलटवतात तसा तंबू उलटवायचा. उलटवला. जे आत होतं ते बाहेर आलं. चिकटणारी बाजू आत गेली, पट्टीचे उरलेले तेरा मीटर चाळीस कामाला आले, आणि या वेळी इस्त्री बाईंनी धरली. दशांशरावांना सेकंद मोजायचं काम मिळालं, कारण सासूबाईंवर आता कुणाचा विश्वास उरला नव्हता. पट्टी बसली. ओढून पाहिली, नखाने खरवडून पाहिली, सासूबाईंनी दात लावू का विचारलं. पट्टी हलली नाही.

फक्त चष्म्याचा खिसा आता तंबूच्या बाहेर होता. तोंड वर करून, पावसाकडे.

"उसवून आत लावू," दशांशराव म्हणाले.

"उसवा. पण प्रत्येक टाक्याचं एक भोक राहील. तुम्हीच म्हणाला होतात. एकशे बारा टाके आहेत. मोजलेत मी."

खिसा राहिला. दिवा टांगायचा फासही बाहेरच राहिला, तंबूच्या टोकावर, शेंडीसारखा. दशांशरावांनी तंबू घडी घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. सहाशे एकेचाळीस ग्रॅम. त्यांनी कागदावर बेरीज केली : ब्याण्णव पूर्णांक एक वजा दोन पूर्णांक सात पाच नऊ. एकोणनव्वद पूर्णांक तीन चार एक. ब्रशचे चार ग्रॅम त्यांनी यात धरले नव्हते, ते अडीअडचणीला ठेवले.

"आणि स्वतःचं वजन?" बाईंनी विचारलं. "ते कधी केलंत?"

"अठ्ठ्याहत्तर पूर्णांक दोन. नोंद आहे."

"ती गेल्या वर्षीची. बाजूच्यांकडे काटा आहे, न्हाणीघरातला. पाच मिनिटं जाऊन या."

"घरगुती काटे," दशांशराव कळवळून म्हणाले, "हे काटे नसतातच." आणि कचेरीच्या कामावर असताना सरकारी तपासणीखालच्या काट्यावर स्वतः उभं राहणं त्यांना शिस्तभंग वाटे. चोवीस वर्षांत त्यांनी शहरातल्या प्रत्येक काट्याला वजन दिलं होतं, स्वतःचं सोडून.

मंडळाचा नियम असा की कुणीही घरी बनवलेला तंबू आणला, तर त्याने त्यात वर्तमानपत्र घेऊन बसायचं आणि बाहेरून पंधरा मिनिटं नळीने पाणी मारायचं. वर्तमानपत्र ओलं झालं तर तंबू बाद. परीक्षा डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या अंगणात, रविवारी सकाळी. नळी कर्नलने धरली. कर्नल मंडळाचा सचिव. तो सैन्यात कधीच नव्हता, पण मिशा होत्या आणि नळी तो बंदुकीसारखी धरत असे.

तंबू उभा राहिला. काठीवर ताणलेला, राखाडी, बेताचा देखणा. मंडळी भोवती फिरली.

"दशांशराव, ही पत्रपेटी कशाला?" कर्नलने खिशात बोट घालून विचारलं. "डोंगरावर टपाल येणार आहे?"

"पावसाचं पाणी मोजायला," दशांशराव आतून म्हणाले. हे उत्तर त्यांनी आदल्या दिवशी तयार केलं होतं.

"आणि वरची शेंडी?"

"तुम्ही नळी सोडा," ते म्हणाले.

कर्नलने नळी सोडली. आत दशांशराव मांडी घालून बसले होते, गुडघा दुखत होता, आणि मांडीवर वर्तमानपत्र पसरलं होतं. वर पाणी ताशा वाजवल्यासारखं आपटत होतं. ते शिवणी पाहत होते. छताची मधली शिवण, तिच्या दोन बाजूंच्या उतरत्या शिवणी, दाराच्या कडेची. कुठे एक थेंब जमतो का, कुठे पट्टी फुगते का. तीन महिने. फोटोतली सात माणसं. खिशाच्या मागचे एकशे बारा टाके त्यांच्या नाकासमोर होते. बाहेर खिसा भरून वाहायला लागल्याचा आवाज आला आणि कुणीतरी "पत्र आलं, पत्र आलं!" म्हणून ओरडलं. टाक्यांवरची पट्टी ताणली गेली. पट्टी धरून राहिली.

बाई अंगणाच्या कडेला उभ्या होत्या. त्या नळीकडे पाहत नव्हत्या, शिवणीकडे पाहत होत्या. त्यांची इस्त्री होती ती.

पंधरा मिनिटं झाली. दशांशराव रांगत बाहेर आले. कर्नलने वर्तमानपत्रावरून अंगठा घासला, अंगठा उलटा करून पाहिला, वासही घेतला. कोरडं. अगदी पापडासारखं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कर्नल म्हणाला, "मानलं बुवा! आम्ही पैज लावली होती की तुम्ही पोहत बाहेर याल." दशांशरावांनी खिसा उलटा करून पाणी ओतलं आणि हे अंदाजे दोनशे मिलिलिटर आहे, असं सांगितलं. त्यांना आतून खूप मोठं वाटत होतं.

"आता काट्याचं तेवढं उरकू," डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या ओट्यावर रुग्णांना उभं करायचा काटा होता. आधी पिशवी एकटी ठेवली, नवा तंबू झटकून, पुसून तिच्यात घालून. अकरा पूर्णांक एक.

"अकरा!" कर्नल म्हणाला. "गेल्या वर्षी चौदाच्या घरात होती."

"तेरा पूर्णांक नऊ," दशांशराव विनयाने म्हणाले. मग त्यांनी पिशवी पाठीवर चढवली, छातीवरचा पट्टा आवळला, विजारीचं बटण चाचपलं. ते गेल्या आठवड्यात बाईंनी दुसऱ्यांदा सरकवलं होतं. ते काट्यावर उभे राहिले, आणि फोटोत राहतात तसे समोर पाहत राहिले.

कुणी टाळ्या वाजवेना. दशांशरावांनी खाली पाहिलं. पोट आडवं आलं, म्हणून थोडं पुढे झुकून पाहिलं.

त्र्याण्णव पूर्णांक पाच.

"पिशवी अकरा," डॉक्टर वजाबाकी करत म्हणाले. "म्हणजे तुम्ही ब्याऐंशी, वर थोडे. गेल्या वर्षी अठ्ठ्याहत्तर होतात ना? काय केलंत काय या वर्षभरात?"

"तंबू शिवला," दशांशराव म्हणाले.

"बसून?"

"मशीनवर उभं राहून शिवता येत नाही."

"आणि बिस्किटं," बाई अंगणाच्या कडेवरून म्हणाल्या. "माझ्या आईची."

कर्नलने खोकून घेतलं. मिशांआड काय चाललं होतं ते दिसत नव्हतं. "तंबू मात्र फर्स्टक्लास," तो म्हणाला. "तुम्ही जीपपाशी असालच, तर तो मी वर नेतो. माझा चार किलोचा आहे. तुमची काही हरकत?"

दशांशरावांनी पिशवी उतरवली. चेहरा अचानक शांत झाला होता, कचेरीतला झाला होता.

"थांबा," ते म्हणाले. "काटा चुकतोय."

या विषयात शहरात त्यांच्या शब्दापुढे शब्द नव्हता. खुद्द डॉक्टर एक पाऊल मागे सरकले. दशांशरावांनी चष्मा लावला, ओट्यावर गुडघे टेकले, उजवा गुडघा वाजला, आणि काट्याच्या मागच्या बाजूला शिक्का शोधायला वाकले.

शिशाचा शिक्का शाबूत होता. खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारीख गेल्याच महिन्याची होती, 'तपासला, बिनचूक' असं लिहिलं होतं, आणि सही त्यांची होती.